व्हॉल्व्हचं ऑपरेशन : निवड आणि तयारी, योग्य क्रमाने

हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा ठरला की बहुतेक घरांत तयारीला उलट्या टोकाने सुरुवात होते. आधी तारीख घेतली जाते, मग पैशांची आणि सुट्टीची जुळवाजुळव होते. दाताच्या डॉक्टरांकडे जायचं आदल्या आठवड्यात आठवतं. कोणता व्हॉल्व्ह बसवायचा हा प्रश्न तर संमतिपत्रावर सही करताना, म्हणजे आदल्या संध्याकाळी, समोर येतो. त्या वेळी माणूस 'डॉक्टर, तुम्हीच ठरवा' म्हणून मोकळा होतो आणि पुढची पंधरा-वीस वर्षं त्या निर्णयासोबत काढतो.

खालचा क्रम ठरवून होणाऱ्या ऑपरेशनसाठी आहे, म्हणजे हाताशी चार ते सहा आठवडे आहेत असं धरून. व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग झाला असेल, फुफ्फुसात पाणी भरून रुग्ण आयसीयूत असेल, तर एवढा वेळ मिळत नाही. तेव्हा टीम सांगेल तेच करायचं.

## पायरी १ : ऑपरेशन कशासाठी, हे रिपोर्टमध्ये शोधा

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात घ्या. व्हॉल्व्ह कोणता (एओर्टिक, मायट्रल की ट्रायकस्पिड) आणि दोष कोणता, म्हणजे तो अरुंद झाला आहे की गळतो आहे, एवढं आधी पाहा. 'व्हॉल्व्ह खराब आहे' एवढ्याच माहितीवर पुढचा एकही निर्णय घेता येत नाही.

एओर्टिक व्हॉल्व्ह तीव्र अरुंद झाला आहे असं साधारणपणे तीन आकड्यांवरून ठरतं : छिद्राचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर किंवा कमी, रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, आणि सरासरी ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक) ४० मिलिमीटर मर्क्युरी किंवा जास्त. तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगत असतील तर प्रश्न मिटला. क्षेत्रफळ ०.८ पण ग्रेडियंट २८, असं विसंगत चित्र असेल तर घाईने होकार देऊ नका आणि घाईने नकारही देऊ नका. हृदयाची ताकद कमी असली किंवा ठोक्यागणिक बाहेर पडणारं रक्तच कमी असलं, तर व्हॉल्व्ह खरोखर अरुंद असूनही ग्रेडियंट कमी दिसतो. अशा वेळी औषध देऊन केलेला स्ट्रेस इको किंवा सीटी स्कॅनवर मोजलेला कॅल्शियम स्कोअर निकाल देतो. पुरुषांत २०००च्या वर आणि स्त्रियांत १२००च्या वर स्कोअर असेल तर आजार तीव्र असण्याचीच शक्यता जास्त.

मायट्रल गळतीत फसवणारा आकडा ईएफचा असतो, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो त्याचा. '६० टक्के आहे, म्हणजे नॉर्मल' असा अर्थ लावला जातो. पण मायट्रल गळत असताना डावा कप्पा बरंचसं रक्त मागे, कमी दाबाच्या कप्प्यात ढकलत असतो. ते काम सोपं असल्यामुळे ईएफ फुगलेला दिसतो. म्हणूनच तीव्र गळतीत ईएफ ६० टक्के किंवा त्याखाली आला, किंवा हृदय आकुंचन पावल्यावरही डाव्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर किंवा जास्त राहिला, तर लक्षणं नसतानाही ऑपरेशनचा विचार करतात.

दुसरी चूक लक्षणांच्या बाबतीत होते. जिना चढायचा बंद केला, बाजारात जाणं मुलावर सोपवलं आणि मग डॉक्टरांना सांगितलं, 'काही त्रास नाही.' दोन वर्षांपूर्वी जे सहज जमत होतं त्यातलं आज काय सोडलं आहे, ते लिहून न्या.

सावधान : एओर्टिक व्हॉल्व्ह तीव्र अरुंद असताना छातीत दुखलं म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाची जिभेखाली ठेवायची गोळी घेऊ नका. रक्तदाब एकदम कोसळून चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

## पायरी २ : बदलण्याआधी 'दुरुस्त होईल का?' हे विचारा

मायट्रल व्हॉल्व्ह झीज होऊन किंवा त्याचे दोर तुटून गळत असेल, तर दुरुस्ती हा पहिला पर्याय असतो, बदलणं हा दुसरा. स्वतःचा व्हॉल्व्ह राहिला की हृदयाची रचना टिकते आणि आयुष्यभर रक्त पातळ ठेवण्याची गरज बहुधा उरत नाही. ट्रायकस्पिड व्हॉल्व्हचीही शक्यतो दुरुस्तीच करतात.

अडचण अशी की दुरुस्ती हे हातखंड्याचं काम आहे. एकच व्हॉल्व्ह एका ठिकाणी 'बदलावाच लागेल' ठरतो आणि जिथे अशा दुरुस्त्या नेहमी होतात तिथे दुरुस्त होतो. म्हणून थेट विचारा : गेल्या वर्षभरात मायट्रलची किती ऑपरेशनं केली, आणि त्यातले किती व्हॉल्व्ह दुरुस्त झाले? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या सर्जनला त्याचं उत्तर ठाऊक असतं.

संधिवाताच्या तापाने (रुमॅटिक फीव्हर) मायट्रल अरुंद झाला असेल आणि व्हॉल्व्ह अजून लवचीक असेल, आत गुठळी नसेल, गळतीही फार नसेल, तर मांडीतून फुगा नेऊन तो रुंद करता येतो. हा पर्याय चालेल की नाही हे अन्ननलिकेतून केलेल्या इकोशिवाय ठरवू नये.

तपासा : दुरुस्ती किंवा फुगा का शक्य नाही, याचं एका वाक्यातलं कारण तुम्हाला सांगता येतं का? येत नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## पायरी ३ : व्हॉल्व्ह निवडा, दुसऱ्या ऑपरेशनचा विचार आत्ताच करून

निवडीचा प्रश्न नेहमी 'चांगला कोणता?' असा विचारला जातो. खरा प्रश्न असा आहे : हा व्हॉल्व्ह बसवल्यावर माझ्या आयुष्यात पुढे काय येणार आहे, आणि त्यातलं काय मला पेलेल?

मेकॅनिकल व्हॉल्व्ह. लोक याला मेटलचा म्हणतात, पण आजच्या व्हॉल्व्हची दोन पानं पायरोलिटिक कार्बनची असतात. ती झिजत नाहीत, व्हॉल्व्ह दशकानुदशकं चालतो. त्या बदल्यात वॉरफरिन किंवा त्याच जातीची रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर, रोज. गोळी कमी पडली तर व्हॉल्व्हवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. शांत खोलीत बारीक टिकटिक ऐकू येते. बहुतेकांना तिची सवय होते, काहींना होत नाही.

टिश्यू व्हॉल्व्ह. गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या व्हॉल्व्हपासून बनवलेला. रक्त पातळ करणारं औषध बहुधा पहिले तीन ते सहा महिने, आणि पुढे दुसरं कारण नसेल तर नुसती ॲस्पिरिन किंवा तीही नाही. तो दहा ते वीस वर्षांत झिजतो. वय जितकं कमी तितकी झीज लवकर, मायट्रलच्या जागी एओर्टिकपेक्षा लवकर, आणि डायलिसिसवर असलेल्यांत आणखी लवकर. प्राण्याच्या उतीबद्दल मनात आक्षेप असेल तर आधीच बोला. कोणत्या प्राण्याचा व्हॉल्व्ह आहे हे सांगणं सर्जनला अवघड नसतं.

वयाच्या रेषा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, पण थोड्या वेगवेगळ्या. अमेरिकेतली २०२०ची तत्त्वं एओर्टिकसाठी ५०च्या खाली मेकॅनिकलकडे झुकतात, युरोपातली २०२१ची ६०च्या खाली. ६५च्या पुढे एओर्टिकसाठी दोन्हीकडे कल टिश्यूचा आहे. मायट्रलसाठी ६५पर्यंत मेकॅनिकलचा विचार होतो. मधल्या वयात उत्तर रिपोर्टमध्ये सापडत नाही, ते तुमच्या जगण्यात शोधावं लागतं. हे मुद्दे कागदावर मांडा :

१. आयएनआरची (रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या आकड्याची) तपासणी दर महिन्याला, काही वेळा दर आठवड्याला, वर्षानुवर्षं जमेल का? तपासणीची सोय किती लांब आहे? गोळी चुकवण्याची सवय आहे का? इथे स्वतःशी खोटं बोलणं सर्वांत महागात पडतं.

२. पूर्वी रक्तस्राव झाला आहे का? पोटात अल्सर, मेंदूत रक्तस्राव, वारंवार पडणं, अवजारांशी किंवा उंचीवर काम? यातलं काही असेल तर टिश्यूचं पारडं जड होतं.

३. पुढे मूल हवं आहे का? वॉरफरिन गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत, अपाय करू शकतं. ते बंद करून हेपरिनच्या इंजेक्शनांवर जावं तर आईच्या व्हॉल्व्हवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. निर्धोक मार्ग एकही नाही. म्हणून मूल हवं असलेल्या तरुण स्त्रीत, दुसरं ऑपरेशन लागणार हे माहीत असूनही, टिश्यूचा विचार होतो. ही चर्चा लग्न ठरलेलं नाही म्हणून टाळली जाते. टाळू नये.

४. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करणारं औषध असंही चालूच राहणार आहे का? मग 'गोळी नको म्हणून टिश्यू' हे कारण अर्धं गळून पडतं. पूर्ण गळत नाही, कारण टिश्यूसोबत काही महिन्यांनी रक्त पातळ करणारी नवी औषधं (डॅबिगॅट्रान, ॲपिक्सॅबान) चालू शकतात, मेकॅनिकलसोबत नाहीत.

या चौथ्या मुद्द्यावर गोंधळ फार आहे. 'आता नव्या गोळ्या आल्यात, त्यांना तपासणी लागत नाही' हे मेकॅनिकल व्हॉल्व्हला लागू नाही. डॅबिगॅट्रानची मेकॅनिकल व्हॉल्व्हवरची चाचणी थांबवावी लागली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त होते. ॲपिक्सॅबानची ऑन-एक्स या मेकॅनिकल व्हॉल्व्हवरची चाचणीही गुठळ्यांमुळे २०२२ मध्ये थांबली.

आकार. सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच. व्हॉल्व्हवर १९, २१, २३, २५ असे आकडे असतात. तो आकडा म्हणजे रक्त जाण्याची प्रत्यक्ष जागा नव्हे, आणि दोन कंपन्यांचे २१ सारखे नसतात. शरीराच्या मानाने व्हॉल्व्ह लहान पडला तर ऑपरेशन यशस्वी होऊनही दम लागतच राहतो. हिशोब सोपा आहे : एओर्टिकसाठी व्हॉल्व्हचं प्रभावी क्षेत्रफळ (रक्त जाण्याची प्रत्यक्ष जागा) भागिले शरीराचं पृष्ठफळ (उंची-वजनावरून काढतात). उत्तर ०.८५च्या खाली नको, ०.६५च्या खाली तर मुळीच नको. पृष्ठफळ १.८ चौरस मीटर असेल तर साधारण १.५३ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ हवं. लठ्ठ व्यक्तींत या मर्यादा थोड्या खाली धरतात. मुळातली जागा अरुंद असेल तर सर्जन ती पॅच लावून रुंद करू शकतो. 'गरज पडली तर तुम्ही हे करता का?' हे आधी विचारून ठेवा.

टिश्यू घेणाऱ्या पन्नाशी-साठीच्या माणसाने हा प्रश्न आणखी नेटाने विचारावा. जुना व्हॉल्व्ह झिजल्यावर मांडीतून नवा व्हॉल्व्ह त्याच्या आतच बसवता येतो, हे ऐकून लोक निश्चिंत होतात. पण आत बसणारा व्हॉल्व्ह आणखी जागा खातो. पहिलाच १९चा असेल तर आतल्या व्हॉल्व्हमधून रक्त जायला पुरेशी वाट उरत नाही. 'दुसऱ्या वेळी छाती उघडावी लागणार नाही' हे आश्वासन पहिल्या व्हॉल्व्हच्या आकारावर आणि हृदयाच्या धमन्यांची तोंडं किती उंचीवर आहेत यावर अवलंबून असतं.

टावी, म्हणजे छाती न उघडता मांडीच्या धमनीतून बसवायचा एओर्टिक व्हॉल्व्ह. ऐंशीच्या पुढे, किंवा ऑपरेशनचा धोका जास्त असेल तर, हा बहुधा चांगला मार्ग. ६५च्या खाली शस्त्रक्रियेलाच प्राधान्य. मधल्या वयात हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांशी बोलल्याशिवाय ठरवू नका. एकाशीच बोललात तर त्याला जे येतं तेच ऐकायला मिळण्याची शक्यता असते. टावीनंतर पेसमेकर लागण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा साधारणतः जास्त असतं, आणि पुढे कधी टावीचा व्हॉल्व्ह काढायची वेळ आली तर ते ऑपरेशन अवघड असतं. टावी होईल की नाही हे कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठीचं औषध) देऊन केलेल्या सीटी स्कॅनवर ठरतं.

तरुण रुग्णात स्वतःचाच पल्मोनरी व्हॉल्व्ह एओर्टिकच्या जागी बसवायची रॉस शस्त्रक्रियाही असते. ती फार थोड्या हातांत सुरक्षित आहे. ती नियमित करणारा सर्जन मिळाला तरच विचार करा.

तपासा : कागदावर चार ओळी आल्या का? व्हॉल्व्हचा प्रकार, अपेक्षित आकार, रक्त पातळ करणारं औषध कोणतं व किती काळ, आणि हा व्हॉल्व्ह निकामी झाला तर पुढची योजना. पाचवी ओळ सर्जनकडून घ्या : ऑपरेशनच्या टेबलावर ठरलेलं जमलं नाही, तर दुसरी पसंती कोणती?

## पायरी ४ : दात, किमान तीन आठवडे आधी

कुजलेल्या दातातले आणि सुजलेल्या हिरड्यांतले जंतू रक्तात उतरतात आणि नव्या व्हॉल्व्हवर बसतात. तिथे झालेला संसर्ग जीवघेणा असतो आणि अनेकदा पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. म्हणून 'दात दुखत नाहीत' हे उत्तर चालत नाही. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घ्या. काढायचे दात काढा आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे सोडा.

दंतवैद्याला दोन गोष्टी आधी सांगा : व्हॉल्व्हचा आजार कोणता, आणि रक्त पातळ करणारं कोणतं औषध चालू आहे. दात काढण्यासाठी ते औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सावधान : ऑपरेशनच्या तीन दिवस आधी दात काढणं हे न काढण्याइतकंच वाईट. उशीर झाला असेल तर सर्जनला सांगा, तारीख पुढे ढकलायची की नाही ते त्यांना ठरवू द्या.

## पायरी ५ : तपासण्या आणि शरीराची तयारी

हृदयाच्या धमन्यांची तपासणी चाळिशीपुढच्या पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत बहुधा होतेच. ब्लॉक असेल तर बायपास त्याच वेळी उरकता येतो. मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड, फुफ्फुसांची क्षमता, गरजेप्रमाणे मानेच्या धमन्यांचा डॉपलर, या नेहमीच्या तपासण्या टीम सांगेलच. अँजिओग्राफी आणि सीटी दोन्हींत कॉन्ट्रास्ट असतो. मूत्रपिंड नाजूक असेल तर दोन्ही एकाच दिवशी नकोत, मध्ये अंतर किती ठेवायचं ते विचारा.

हिमोग्लोबिनकडे मात्र स्वतः लक्ष द्या. ते १३च्या खाली असेल तर रक्त चढवावं लागण्याची शक्यता वाढते. लोहाच्या गोळ्यांना आठवडे लागतात, वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. आणि कारण शोधल्याशिवाय नुसतं लोह घेऊ नका. एओर्टिक व्हॉल्व्ह तीव्र अरुंद असलेल्या काही रुग्णांच्या आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत राहतं. असं असेल तर त्याचा परिणाम थेट पायरी ३वर होतो, कारण अशा माणसाला आयुष्यभर वॉरफरिन देणं म्हणजे संकट ओढवून घेणं. निवड झाल्यावर ॲनिमिया सापडला तर निवड पुन्हा तपासा.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आत्ताच तपासा. तंबाखू-सिगारेट किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद. दारू किती घेता ते भूलतज्ज्ञांना खरं सांगा. अचानक बंद झालेल्या दारूमुळे ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमिष्ट होतो आणि घरचे मेंदूला इजा झाली म्हणून घाबरतात.

तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र आत्ताच आणा. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. हळू, खोल ओढा, दोन-तीन सेकंद धरा, सोडा. एका वेळी दहा श्वास, दिवसातून चार-पाच वेळा. ऑपरेशननंतर दुखऱ्या छातीने हे शिकणं कठीण जातं. मात्र तीव्र अरुंद व्हॉल्व्ह असताना 'फिटनेस वाढवायला' भरभर चालणं किंवा जिने चढणं सुरू करू नका.

## पायरी ६ : औषधांचं वेळापत्रक

चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ एका कागदावर लिहा. काढे, चूर्णं, लसणाच्या व माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही लिहा. त्यांतल्या काहींनी रक्त पातळ होतं. या कागदावर सर्जन किंवा भूलतज्ज्ञांकडून प्रत्येक औषधापुढे 'शेवटचा डोस : तारीख' लिहून घ्या. खालचे आकडे त्यांच्याशी बोलताना समजावं म्हणून दिले आहेत, स्वतः अंमलात आणण्यासाठी नाहीत.

- वॉरफरिन : साधारण ५ दिवस आधी बंद, मधल्या काळात काहींना हेपरिनची इंजेक्शनं
- ॲपिक्सॅबान, रिव्हरॉक्सॅबान, डॅबिगॅट्रान : २ ते ३ दिवस, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त
- क्लोपिडोग्रेल ५ दिवस, टिकाग्रेलॉर ३ ते ५, प्रासुग्रेल ७
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन : ३ दिवस
- रक्तदाबाच्या 'प्रिल' आणि 'सार्टान' गटातल्या गोळ्या : बहुधा आदल्या दिवसापासून बंद
- बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणाऱ्या) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या) गोळ्या : चालू, ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत

चौथ्या ओळीपाशी थांबा. ही औषधं मधुमेहाची म्हणून ओळखली जातात, पण आता हृदय कमजोर असलेल्यांनाही, साखर नसली तरी देतात. त्यामुळे 'मला डायबेटिस नाही' असं सांगणाऱ्या रुग्णाची ही गोळी कोणी विचारतच नाही. ती चालू राहिली आणि वर उपास घडला, तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठतं. मेटफॉर्मिनसोबतच्या एकत्र गोळीतही ती लपलेली असते. पाकिटावरची सगळी नावं वाचा. आठवड्यातून एकदा घ्यायचं वजनाचं किंवा साखरेचं इंजेक्शन असेल तर तेही भूलतज्ज्ञांना सांगा, त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

सावधान : गेल्या वर्षभरात स्टेंट बसवला असेल तर क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर यांतलं काहीही हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

## पायरी ७ : शेवटचे पाच दिवस

काही ठिकाणी नाकात स्टॅफिलोकोकस जंतू आहेत का ते पाहतात. असतील तर मुपिरोसिन मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा, पाच दिवस. क्लोरहेक्सिडिनने आंघोळ आदल्या रात्री आणि त्या सकाळी. नंतर अंगाला तेल, पावडर, क्रीम काही नाही. छातीवरचे आणि पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापांतून जंतू शिरतात. रुग्णालयात क्लिपरने काढतात.

ताप, खोकला, जुलाब, लघवीला जळजळ, कुठे गळू, यातलं काहीही झालं तर लपवू नका. तारीख पुढे जाईल या भीतीने लपवलेला संसर्ग नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो.

जड अन्न आठ तास, हलकं सहा तास आधी बंद. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांचा शब्द अंतिम. नेलपॉलिश, दागिने, कवळी, लेन्स काढून ठेवा.

तपासा : संमतिपत्रावर व्हॉल्व्हचा प्रकार लिहिला आहे का, आणि तो पायरी ३च्या कागदाशी जुळतो का? जुळत नसेल तर सही करण्याआधी विचारा.

## पायरी ८ : रुग्णालयातले दिवस

ऑपरेशन तीन ते पाच तासांचं, आयसीयू एक-दोन दिवस, एकूण मुक्काम साधारण आठवडाभर. जाग येते तेव्हा घशात नळी असते आणि बोलता येत नाही, हे रुग्णाला आधी सांगून ठेवा. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ठोके अनियमित होणं फार सर्रास घडतं. औषधाने बहुधा ते ताळ्यावर येतात. वयस्कर माणूस एक-दोन रात्री असंबद्ध बोलू शकतो. त्याचा चष्मा आणि श्रवणयंत्र लवकर परत द्या, फरक पडतो.

घरी निघण्यापूर्वी व्हॉल्व्हचं कार्ड मागून घ्या : कंपनी, मॉडेल, आकार, सिरियल नंबर, तारीख. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. आजचे व्हॉल्व्ह एमआरआयमध्ये चालतात, पण मशीनजवळ हे कार्ड दाखवावं लागतं.

## पायरी ९ : घरी आल्यावर

छातीचं हाड. जुळायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला बारा. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही, जड दार ढकलायचं नाही, हातांवर भार देऊन उठायचं नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. हाड हलल्याचा टकटक आवाज आला किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी सर्जनकडे. वजन रोज सकाळी करा. एका दिवसात किलोपेक्षा किंवा आठवड्यात दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर अंगात पाणी साठतं आहे.

आयएनआर. मेकॅनिकल एओर्टिक व्हॉल्व्हसाठी बहुधा २ ते ३, मायट्रलसाठी २.५ ते ३.५. तुमचा आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, स्थिर झाल्यावर चार आठवड्यांनी तपासणी. डोस 'अर्धी गोळी' असा लक्षात ठेवू नका, मिलिग्रॅममध्ये ठेवा, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. वॉरफरिन आणि ॲसेनोकौमरॉल ही दोन वेगळी औषधं आहेत, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी अदलाबदल चालत नाही. एक डोस राहिला तर त्याच दिवशी आठवल्यास घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

पालेभाज्या बंद करण्याचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो चुकीचा आहे. रोज साधारण तेवढ्याच खा, म्हणजे डोस त्याप्रमाणे बसतो. आयएनआर बिघडवतात ती मुख्यतः औषधं : मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल, अमिओडॅरोन यांनी तो वाढतो, रिफॅम्पिसिन आणि कार्बामाझेपिनने घटतो. नवं औषध सुरू झालं किंवा जुनं थांबलं की तीन ते पाच दिवसांत तपासणी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीची वेदनाशामकं स्वतःहून घेऊ नका.

दात आणि ताप. नवा व्हॉल्व्ह कोणताही असो, हिरड्यांतून रक्त येईल अशा दंतोपचाराआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, एकच डोस. पाच दिवसांचा कोर्स लागत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर पर्यायी औषध लिहून घ्या. आणि ताप आला तर आधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी), मग प्रतिजैविक. साधा ताप समजून घेतलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्यांनी कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत, आणि व्हॉल्व्हचा संसर्ग आठवडेच्या आठवडे न ओळखता वाढतो.

पेनिसिलिनचं इंजेक्शन. संधिवाताच्या तापामुळे व्हॉल्व्ह गेला असेल आणि दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन चालू असेल, तर 'व्हॉल्व्ह बदलला, आता कशाला' म्हणून ते थांबवू नका. नवा व्हॉल्व्ह बसला तरी तुमचे उरलेले व्हॉल्व्ह आणि हृदयाचा स्नायू तेच आहेत. ते कधी थांबवायचं हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील.

इको. पहिला साधारण सहा ते बारा आठवड्यांनी. पुढच्या सगळ्या तुलना याच्याशी होतात, म्हणून बरं वाटतंय या कारणाने टाळू नका. त्यानंतरचं वेळापत्रक व्हॉल्व्हप्रमाणे, आणि टिश्यू व्हॉल्व्ह जुना होत जाईल तसा दर वर्षी.

त्याच दिवशी, वाट न पाहता रुग्णालयात जायचं ते यासाठी : मेकॅनिकल व्हॉल्व्हची टिकटिक मंद किंवा बंद वाटणं, अचानक दम लागणं, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, काळी शी, डोक्याला मार लागणं (जखम दिसत नसली तरी), आणि ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप. जाताना व्हॉल्व्हचं कार्ड, शेवटचे आयएनआर आणि औषधांचा कागद सोबत घ्या.